ताईंच्या वाट्याचे कॉल

आमच्या वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात कुणी गेल्याचा कॉल आला, की तो ताईंना द्यायचा अशी रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. भिंतीवरच्या पाटीवर तर उलटंच लिहिलं होतं, की ऑपरेटरनं ठरलेल्या वाक्यांपलीकडे एक शब्दही बोलू नये. पण बोर्डावर बसलेल्या एखाद्या मुलीच्या कानात रडण्याचा आवाज आला, की ती छातीवरचा बोलायचा भोंगा हातानं झाकायची आणि ओळीच्या टोकाकडे पाहून म्हणायची, "ताई, तुमचा आला जी." ताई उठून तिच्या खुर्चीवर येऊन बसायच्या, आणि मुलगी जाऊन ताईंच्या खुर्चीवर बसायची. मी नवीन लागले तेव्हा हे पाहिलं आणि मला वाटलं, बाप्पा, केवढा मान आहे या बाईंचा!

सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. माझं शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, तेही लग्न झाल्यावर चुलीपाशी पुस्तक ठेवून केलेलं. नोकरी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "फोनवर बोलाचा पगार देते का सरकार? मंग आपली जाऊ काऊन फुकट बोलते?" घरात सगळे हसले होते. मीही हसले. काम खरंच सोपं वाटलं होतं.

आता माझा नातू विचारतो, "आजी, दोघं जण बोलत तर तू मधात बसून काय करत होती?" त्याला कसं सांगू? तेव्हा सेलूच्या माणसाला नागपूरला बोलायचं असलं तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवावा लागे. मग आम्ही नागपूर मागायचो, नागपूर मिळालं की एक दोरी इकडे, एक दोरी तिकडे खोचून दोघांना जोडायचो. बोर्ड म्हणजे लाकडाचं उभं कपाट, त्यात भोकंच भोकं आणि कॉल आला की लागणारे बारीक दिवे. कानाला हेडसेट, छातीवर भोंगा. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायचे, तरी हेडसेटखाली कान उकडून निघायचे.

आणि लाइनी अशा, की वारा सुटला की तार झुलायची आणि आवाज मधेच बसायचा. नागपूरचा माणूस ओरडतो आहे, आष्टीच्या माणसाला ऐकू येत नाही. आष्टीचा ओरडतो, ते नागपूरला जात नाही. मधात बसलेल्या आम्हाला मात्र दोन्हीकडचं ऐकू यायचं. मग आम्हीच सांगायचो, "ते म्हणतात, कापूस परवा आणा." "ते म्हणतात, पोरगी पसंत आहे, पण जरा सावळी आहे." एकदा तर मुलीचा बाप मलाच म्हणाला, "सावळी कोन म्हनते व? तू पाह्यली का तिले?" अशी कितीतरी लग्नं माझ्या तोंडून ठरली असतील. पण जे लग्नाचं, तेच मरणाचंही. तेही मधल्यालाच सांगावं लागायचं.

मला पहिला तसा कॉल आला तो हिंगणीचा. नागपूरच्या इस्पितळातून एक माणूस बोलत होता. त्याचा मोठा भाऊ गेला होता आणि हिंगणीला वहिनीला कळवायचं होतं. पोस्टातल्या मास्तरांनी माणूस पाठवून त्या बाईला बोलावून आणलं. ती धापा टाकत फोनवर आली, "हालो, हालो" करत राहिली. इकडून त्याला बोलवेना, आणि जे बोलला ते तिला ऐकू जाईना. शेवटी तो मला म्हणाला, "बाई, तुमीच सांगा ना जी." मी भोंगा हातानं झाकला. शेजारची मुलगी माझ्याकडे पाहत होती, तिनंच हाक मारली, "ताई, तुमचा!"

ताई आल्या. खुर्चीवर बसल्या, भोंगा अडकवला आणि आधी हिंगणीच्या मास्तरांशी बोलल्या.

"मास्तर, स्टूल हाये का तिथं? बाईले बसवा. आणि संगं कोन हाये?"

"कोनी नाई जी, एकटीच आली."

"मंग बाजूच्या घरची कोनी बोलवा. बाईमानूसच बोलवा. मी थांबतो."

तसं लाइन धरून थांबायची परवानगी नव्हती. ताई थांबल्या. तिकडे कोणी शेजारीण आली, मग ताईंनी त्या बाईला विचारलं, "बाई, बसल्या हात का? पाणी पेल्या का? पोरं कोनापाशी हायेत?" असं एकेक विचारत विचारत, पायरी पायरीनं उतरवल्यासारखं, ताईंनी तिला ते सांगितलं. पलीकडून जो आवाज आला तो मी लिहीत नाही. ताईंनी तो पूर्ण ऐकला. दोरी लगेच ओढली नाही. मग उठल्या, माठातलं पाणी प्यायल्या, आपल्या जागेवर गेल्या आणि पुढच्या दिव्याला म्हणाल्या, "बोला, वर्धा."

आवाज अगदी कोरडा, नेहमीसारखा.

या ताई मूळच्या सेलूच्या. लग्न झालं होतं, पण वर्षाच्या आतच माहेरी परतल्या होत्या. का, ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भावाच्या घरी वहिनीच्या हाताखाली दिवस काढायचे नाहीत म्हणून शिकल्या, नोकरी मिळवली आणि वर्ध्यात एक खोली घेऊन राहत होत्या. त्या खोलीची किल्ली कमरेला खोचलेली असायची. कधी कधी उगाच तिच्यावर हात ठेवायच्या. डब्यात सांबारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी, असली की सगळ्यांना बोलवायच्या, "या पोट्ट्यांनो, नाईतर म्हनान म्हातारी एकटीच खाते." म्हातारी कसली, चाळिशीही आली नव्हती.

मला त्यांनीच सांभाळलं. आमची ड्यूटी दोन तुकड्यांत असायची. सकाळी यायचं, दुपारी घरी जायचं, पुन्हा संध्याकाळी यायचं. माझी मुलगी लहान होती. मी रडकुंडीला आले की ताई आपली मधली वेळ मला द्यायच्या, मुलीला स्वतःच्या खोलीवर ठेवून घ्यायच्या. "तू जाय, तिचं मी पाह्यतो," एवढंच.

एकदा मी मुलीला आणायला गेले. मुलगी अंगणातून धावत आली, "मावशी, मावशी!" काहीतरी सांगायचं होतं, मांजरीला पिल्लं झाली असं काहीतरी. ताई ताडकन उठल्या, तिचे दोन्ही खांदे धरून तिला खाली बसवलं आणि म्हणाल्या, "आधी बस. संगं कोन हाये तुया?" मुलगी खिदळायला लागली. मलाही हसू आलं. ताई हसल्या नाहीत. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

मी म्हटलं, "ताई, बरं नाई का?"

"बरीच हावो व. कानानं थकली मी. बाकी धडधाकट हावो."

कानानं थकणं म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. आज वाटतं, याहून चांगलं कोण सांगू शकलं असतं? पाय दुखले तर तेल लावतात. कानातून जे आत गेलं त्याला काय लावणार?

त्याच वर्षी सुपरवायझरची परीक्षा निघाली. ताईंनी फॉर्म भरला. आम्हाला नवल वाटलं, कारण बढती म्हणजे आणखी ताप असं आम्ही मानायचो. पण ताईंचा हिशेब वेगळा होता. सुपरवायझरला बोर्डावर बसायचं नसतं. मागे टेबल असतं, हातवाली खुर्ची असते, ड्यूट्या लावायच्या, तक्रारी पाहायच्या. "कान मोकळे होतीन पोरी," असं त्या मला म्हणाल्या, "आणि भाऊही पाह्यन, आपली बहीन कुटं बसते ते." त्या पास झाल्या, जबलपूरला ट्रेनिंग करून आल्या. आम्हा सगळ्यांना गोरसपाकाची तुपातली बिस्किटं वाटली. टेबलाशी बसून आधी खुर्चीच्या हातांवर हात ठेवून पाहिले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

थोडे दिवस बरे गेले. ताईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "आता माह्याकडे देऊ नका. ज्याच्या दिव्यावर आला त्यानं घ्या." आम्ही हो म्हटलं. मग एका नव्या मुलीला तसा कॉल आला. पोर नुकतीच लागलेली, घाबरली. सेलूच्या एका म्हाताऱ्याला तिनं एका दमात सांगून टाकलं, की तुमचा मुलगा वारला, नागपूरला या, आणि वर, दर कॉलला म्हणायच्या सवयीनं, "तीन मिनिटं झाली." मग स्वतःच भोंग्यावर डोकं ठेवून रडायला लागली. ताई टेबलावरून हे पाहत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आपणहून उठल्या, तिला बाजूला केलं, सेलूला पुन्हा लाइन मागितली.

तो फोन सेलूच्या एका किराणा दुकानातला होता. त्या दुकानदाराला सारे सेठजी म्हणायचे. त्या आळीत कुणाचाही कॉल असला की त्यांच्याच दुकानात यायचा. ताईंनी त्यांना विचारलं, "सेठजी, बाबा कुटं हायेत?"

"इथंच जमिनीवर बसले जी. काय करू?"

"तुमी गल्ल्यावरून उठा आणि त्यांच्या बाजूले बसा. काई बोलू नका. सून येईस्तोवर बसून राहा."

सेठजी बसले. ताईंनी त्यांना इतक्या वर्षांत हे सारं शिकवून ठेवलं होतं. सेलूला फोनवर "संगं कोन हाये" ऐकलं, की सेठजी न सांगता स्टूल पुढे करायचे आणि समोरच्या घरी हाक मारायचे.

त्यानंतर पुन्हा सुरू झालं, "ताई, तुमचा आला जी." आम्ही कुणी दुष्ट नव्हतो. ताई सांगतात तसं कुणाला जमत नाही, मग बिचाऱ्या समोरच्या माणसासाठी तरी ताईंनीच सांगावं, असं आम्हाला खरोखर वाटायचं. पूर्वी ताई एक ऑपरेटर म्हणून ते करायच्या. आता त्या खुर्ची सोडून येतात, एवढाच फरक. टेबलावरची कामं राहायला लागली. नवे साहेब आले होते, ते शिस्तीचे. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हे टेलिफोन खातं आहे, सांत्वनाचं नाही. तुम्हाला वर चढवलं ते पुन्हा खाली उतरायला नाही."

ताई म्हणाल्या, "हो साहेब."

ना टेबल सुटत होतं, ना बोर्ड. खाणं कमी झालं. डबा तसाच परत जायचा. खोलीवर गेलं तर कानाला ओढणी बांधून बसलेल्या असायच्या. वर्ध्याचं ऊन, आणि कानाला ओढणी! मी म्हटलं, "ताई, डॉक्टरले दाखवू." तर म्हणाल्या, "काय दाखवू व? ताप नाई, खोकला नाई. म्हनू का डॉक्टरले, की लोकं मरून राह्यले म्हनून मले झोप येत नाई?"

मग तो आष्टीचा कॉल. नागपूरहून एक तरुण बोलत होता, हुंदके देत. बोर्डावरच्या मुलीनं हुंदके ऐकले आणि पुढचं न ऐकताच म्हणाली, "ताई, तुमचा." ताई आल्या. मी बाजूच्याच जागेवर होते, मला ताईंचं बोलणं ऐकू येत होतं. आष्टीला कुणी म्हातारी फोनवर आली होती. ताई म्हणाल्या, "माय, आधी खाली बसा. संगं कोन हाये?"

तोवर आमच्या जिल्ह्यात हे शब्द लोकांना ठाऊक झाले होते. वर्ध्याच्या बाईनं संगं कोण आहे विचारलं, की घरात काय झालं ते समजायचं. म्हातारीनं हंबरडा फोडला. ताई आपल्या म्हणतच होत्या, "धीर धरा माय, पाणी प्या." हेडसेटमधून कुणी ओरडत असल्याचं मलाही ऐकू आलं, म्हणून मी वाकून ताईंच्या कानावरून तो काढला आणि माझ्या कानाला लावला. तिकडून तो मुलगा ओरडत होता, "अवो बाई, काय सांगून राह्यल्या तुमी माह्या मायले? पोरगा झाला मले, पोरगा!" तो आनंदानं रडत होता. मी घाईघाईनं म्हातारीला सांगितलं, "आजी, नातू झाला तुमाले, नातू! सगळे खुशाल हायेत." तिनं आधी विश्वासच ठेवला नाही. मग ठेवला, आणि मला म्हणाली, "मुडदा बसवला तुमचा भवान्यांनो!"

पोरी खो खो हसल्या. अशी चूक दुसऱ्या कुणाची झाली असती तर वर्षभर पुरली असती. पण ताई तशाच बसून होत्या, रिकाम्या दोरीकडे पाहत. हसणं एकेक करत थांबलं.

मी हळूच विचारलं, "ताई, लाइन खराब होती का?"

"नाई व. चांगली होती. पोरगा झाला असंच ऐकलं मी." मग दोरी जागेवर ठेवत, "तोंडातून दुसरं काई निघालंच नाई."

त्या दिवशी आम्ही ठरवलं, आता आळीपाळीनं. ज्याच्या दिव्यावर आला त्याचा. कितीही जड गेलं तरी ताईंना हाक मारायची नाही. आणि आम्ही ते पाळलंही. सांगून टाकते, जमतं. रडत रडत का होईना, जमतं. पण तोवर ताईंना बोर्डाचा दिवा लागला तरी दचकायला व्हायचं.

सेलूहून भाऊ आले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. नागपूरच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले, गोळ्या मिळाल्या, त्यानं ताईंना झोप लागायला लागली. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं होतं, बरेच महिने यावं लागेल म्हणाले होते. भाऊ मला जिन्यात गाठून म्हणाले, "बाई, गावात कळलं की हिले पागलाच्या डॉक्टरकडे नेते, तर माह्या पोरीचं जमंन का?" आणि ऑफिसातही तसंच. डोक्याचं दुखणं कागदावर आलं तर बढती जाईल, नोकरीही जाईल, अशी भीती. सगळ्यांनी मिळून ताईंच्या भल्यासाठीच सुटीच्या अर्जावर टायफॉइड लिहिलं. टायफॉइड किती दिवस चालतो? तेवढ्या दिवसांनी ताई कामावर हजर झाल्या. गोळ्या बंद.

आता त्या टेबलावरून उठायच्या नाहीत. कुणाशी बोलायच्या नाहीत. ड्यूट्या वेळेवर लागायच्या, हजेरी चोख. साहेब खूष झाले. म्हणाले, "आता कशी शिस्त आली!" इतकं चांगलं काम ताईंच्या नावावर पूर्वी कधी लागलं नसेल. डोळ्यांत मात्र कुणी नसायचं. एका दुपारी ड्यूटी संपल्यावर त्यांनी टेबलाच्या खणाची किल्ली साहेबांपुढे ठेवली. मग कमरेची खोलीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "घरमालकाले देजो," म्हणाल्या. राजीनामा त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. जिच्यासाठी सारं केलं ती किल्ली त्यांनी अशी देऊन टाकली, जणू कुणी विसरून गेलेला डबा परत करायचा होता.

त्या सेलूला भावाकडे गेल्या.

मी अधूनमधून एसटीनं भेटायला जायची. ताई ओसरीवर वाती वळत बसलेल्या असत, कानाला ओढणी. कधी बोलत, कधी नाही. भाऊ सांगायचे, सेठजींच्या दुकानावरून त्या कधी जात नाहीत, फिरून मागच्या गल्लीनं जातात. वहिनी चांगली वागायची, हेही सांगितलं पाहिजे. ताईंच्या पुढ्यात ताट ठेवून समोर बसून राहायची. पण ताट दुसऱ्याच्या घरचं, हे ताईंच्या हाताला कळत होतं. घास लहान झाला होता.

एकदा त्यांनी मला विचारलं, "ते कॉल आता कोन घेते व?"

मला वाटलं, ऐकून बरं वाटेल. मी उत्साहानं म्हटलं, "आळीपाळीनं घेतो ताई. सगळ्याच. नव्या पोरीसुद्धा. तुमच्यासारखंच विचारते, बसल्या का, संगं कोन हाये. जमते आता."

ताईंनी वात वळून ताटलीत ठेवली. दुसरी घेतली.

"मंग आधीच काऊन नाई घेतले व, आळीपाळीनं?"

रागावून नाही हो. एखादा माणूस विचारतो ना, भाजीत मीठ आधीच का नाही घातलं, तसं. मान वाटायचा म्हणून? तुम्हाला छान जमायचं म्हणून? मी त्यांच्या ताटलीतल्या वाती सारख्या करत बसले. एसटीची वेळ झाली तेव्हा उठले. त्या म्हणाल्या, "येजो." नेहमी म्हणायच्या तसंच.

ऐंशीनंतर आमच्याकडे हळूहळू लोकांना आपणच नंबर फिरवून बोलता यायला लागलं. बोर्डावरची गर्दी ओसरली. मला सुपरवायझरच्या परीक्षेचं विचारलं होतं, घरचेही म्हणत होते, दे. मी दिली नाही. बोर्डावर आपल्यासारख्याच चौघी जणी बाजूला असतात. त्या टेबलाशी मी ताईंना एकटं बसलेलं पाहिलं होतं.

हिवाळ्याची दुपार होती. खिडकीतून ऊन थेट बोर्डावर पडलं होतं, त्यामुळे दिवा लागला तरी चटकन दिसत नव्हता. सेलूचा दिवा होता. मी दोरी खोचली. "बोला, वर्धा."

"बाई, मी सेलूहून बोलून राह्यलो, किरान्याच्या दुकानातून." सेठजींचा आवाज. लाइन अगदी साफ होती, वारा नव्हता. मी म्हटलं, "बोला सेठजी, कुठला नंबर देऊ?"

"नंबर नको जी. तुमच्याच संगं बोलाचं हाये." मागे कुणीतरी पोतं ओढल्याचा आवाज आला. "बाई, तुमी बसल्या हात का?"

आम्ही बसलेल्याच असतो. त्यांना माहीत होतं.

"संगं कोन हाये?"

मी ओळीच्या टोकाकडे पाहिलं. ताईंच्या जागेवर एक मुलगी बसली होती आणि कुणाला तरी सांगत होती, ते म्हणतात, गाडी उद्या येईल. मी भोंगा हातानं झाकला. तोंड हाक मारायला उघडलंही होतं. मग हात काढला.

"हायेत जी," मी म्हटलं, "साऱ्याच हायेत. सांगा."